अर्धी बकरी

कोकिळाजीजी टाके मोजत असली की तिच्याशी बोलायचं नाही, हे आमच्या वॉर्डात येणाऱ्या प्रत्येक नव्या डॉक्टरला सगळ्यात आधी सांगावं लागायचं. ऐकायचं कोणीच नाही. मग ते विचारायचे, "मावशी, त्या कोपऱ्यातल्या बाळाने दूध घेतलं का?" आणि जीजी उजव्या हाताचं बोट वर करायची. वर म्हणजे थेट डॉक्टरच्या नाकासमोर. ते बोट खाली येईपर्यंत शिकलासवरलेला माणूस तसाच उभा. फेरा संपला की जीजी शांतपणे सांगायची, अर्धी वाटी पोराने घेतलं, उरलेलं आईने प्यायलं, आईला बोलायचं ते मी बोलून झालंय, तुम्ही परत बोलू नका.

सातपुड्याच्या पायथ्याला तालुक्याच्या गावात आमचं रुग्णालय आणि त्यात मागच्या बाजूला कुपोषित पोरांचा वॉर्ड. वरच्या पाड्यांवरून अंगणवाडीच्या बाया पोरं घेऊन यायच्या, सोबत त्यांच्या आया. पोराला आईसकट ठेवून घ्यायचं, दोन आठवडे वेळच्या वेळी खाऊ घालायचं, ताप-खोकला असेल तर औषध द्यायचं आणि वजन चढलं की घरी पाठवायचं, असं ते काम. मी तिथे नर्स. जीजी तिथली स्वयंपाकीण. कागदावर तिचं काम पोरांचं दूध, पेज आणि आयांचं जेवण एवढंच. पण कागदावरचं काम तेवढंच करणारी बाई असती तर मी आज तिच्याबद्दल लिहायला कशाला बसले असते?

ती कळसाडीची. घरी दीर-पुतणे कापूस-ऊस करणारे, खाऊनपिऊन सुखी. नवरा गेल्यावर घरात बसून माशा मारू का, असं म्हणून ही बाई नोकरीला लागली. एकुलता मुलगा सुरतेला, कापडाच्या मार्केटात. नातवंडं व्हिडिओ कॉलवर भेटायची. जीजी फोन असा धरायची की त्या पोरांना आजीच्या जागी वॉर्डाचा पंखा दिसायचा, आणि ती पोरं दहा-दहा मिनिटं पंख्याशी बोलायची. उंच, काटकुळी, पदर कायम डोक्यावर, आणि पदराच्या आत अंबाड्यात खोचलेली क्रोशाची सुई. साक्रीकडचं माझं माहेर, त्यामुळे तिची अहिराणी मला कळायची. वरून आलेल्या बायांना कळायची नाही. त्या पावरीत बोलायच्या, ही अहिराणीत बोलायची, आणि तासन्‌तास गप्पा रंगायच्या. एकमेकींचं काय कळायचं देव जाणे.

आमचं पहिलं वर्ष भांडणात गेलं. मी तक्त्याप्रमाणे चालणारी आणि ती हाताला येईल ते घालणारी. तेलाची पळी तिच्या हातून कायम वाकडी व्हायची, पोराच्या वाटीत जास्तच पडायचं. मी ओरडायचे. ती म्हणायची, बरं बाई, आणि उद्या परत तेच. पोराचं वजन करायची वेळ झाली की मात्र ती तिथे थांबायची नाही. काट्याकडे पाठ करून भांडी घासायला जायची. बाळ कसं आहे म्हणून कोणी विचारलं तर तिचं एकच उत्तर, "तसंच शे." किलोभर वाढून टुणटुणीत झालेलं पोर तिच्या अंगावर उड्या मारत असलं तरी "तसंच शे." बरं झालं असं तोंडाने म्हटलं की दृष्ट लागते, हे तिचं पक्कं. मी त्यावरूनही भांडले आहे.

पण खरी कटकट वेगळीच होती. आया थांबायच्या नाहीत. त्यांचं तरी काय चुकत होतं? घरी दुसरी पोरं, शेरडं, म्हातारी सासू. नवरा रोज गेटवर येऊन उभा. दिवाळी आली की ऊसतोडीच्या मुकादमाची गाडी पाड्यावर लागलेली, आणि जोडीतली बाई नसेल तर जोडीच मोडते. आम्ही समजावायचो. भिंतीवर चित्रं लावली होती, मोबाईलवर सिनेमे दाखवायचो. बाया मान डोलवायच्या आणि चार-पाच दिवसांनी, पोर जरा रडायला लागलं, अंगात जरा धुगधुगी आली की खाट रिकामी. महिन्या-दोन महिन्यांनी तेच पोर परत यायचं, आधीपेक्षा वाईट होऊन. किंवा यायचंच नाही.

एकदा अशीच एक बाई सकाळच्या दुधाआधी निघून गेली. जीजीने तिच्या पोराचं दूध वाटीत काढलेलं. ती वाटी घेऊन रिकाम्या खाटेशी कितीतरी वेळ उभी. मी म्हटलं, जीजी, सांडून दे, दुसऱ्या पोरांना हे नाही चालायचं. तर म्हणाली, "खानारं गयं, रांधनारी ऱ्हायनी." आणि दुसऱ्या दिवशी पुतण्याच्या मोटारसायकलवरून उतरली ती लोकरीचं भलंमोठं गाठोडं घेऊन.

जीजीच्या तरुणपणी मुलीच्या रुखवतात क्रोशाचं काम ठेवलं नाही तर लोक नावं ठेवायचे. तोरणं, रुमाल, पिशव्या आणि एखादं पक्षी-जनावर. अख्ख्या कळसाडीच्या पोरींचं रुखवत म्हणे हिच्या हातून गेलेलं. आता रुखवत बाजारात तयार मिळतं. तर ती कला हिने वॉर्डात काढली. तिने ठरवलं, पोराजवळ बसून बाईचे हात रिकामे राहतात म्हणून तिला घर आठवतं. हातात काहीतरी द्यायला हवं, आणि ते पोराचंच हवं. म्हणून खेळणं. अगदी नवशिक्या बाईला जमेल असा ससा. एक गोळा डोकं, एक मोठा गोळा अंग, दोन लांब कान, संपलं.

शिकवायची तिची तऱ्हा अशी. सुरुवातीची जी लोकरीची कडी असते, जिच्यात पहिले टाके पडतात, तिला ती आळं म्हणायची. झाडाला करतो ते आळं. "आधी आळं कर, मंग पानी सोड." त्या आळ्यात सहा मुके खांब. मुका खांब म्हणजे क्रोशातला सगळ्यात बुटका, सगळ्यात सोपा टाका. पुढच्या फेऱ्यात एकेका खांबात दोन-दोन, की गोल वाढायला लागतो. मग काही फेरे नुसतेच, न वाढवता, की त्याची वाटी होते. मग दोन खांबांचा एक करत तोंड लहान करायचं आणि तोंड बंद व्हायच्या आत कापूस ठासायचा. हे शेवटचं नव्या बाया हमखास विसरायच्या. तोंड शिवून टाकायच्या आणि मग पोकळ डोकं हातात घेऊन हसत बसायच्या. डोळे काळ्या दोऱ्याचे. मणी लावायचे नाहीत, पोरं गिळतात.

मोजता कोणाला येत होतं? जीजीने खाटेवर मक्याचे दाणे मांडले. एक खांब झाला की एक दाणा या ढिगातून त्या ढिगात. हा ढीग संपला की फेरा संपला. कापूस पुतण्याच्या शेतातला, सरकीसकट. सरकी बायांनी बोटांनी काढायची. कारण एकदा तशीच राहिली होती तर घरी गेल्यावर उंदरांनी ससा फोडून आतली सरकी खाल्ली, अशी खबर वरून आली होती. सरकी काढायला दोन दिवस जायचे. त्यात जीजीचा फायदाच होता.

आणि तो ससा काही ससा राहिला नाही. पहिल्याच बाईने तो पुरा केला, उलटासुलटा करून पाहिला आणि पोराला तिच्या भाषेत सांगितलं की ही बघ बकरी. लांब कान म्हणजे बकरीच की. वरच्या शेरडांचे असतातच तसे. जीजीला आधी राग आला. दोन दिवस ती प्रत्येक खाटेपाशी जाऊन ससा, ससा म्हणत राहिली. तिसऱ्या दिवशी तीच मला म्हणाली, अगं ती लाल लोकरीची बकरी कुठे ठेवलीस? झालं. तेव्हापासून बकरी.

बाया थांबायला लागल्या. सगळ्या नाही, पण बऱ्याच. डोकं झालं की अंग करावंसं वाटायचं, अंग झालं की कान. शेजारच्या खाटेवरची पुढे गेली की हिला चुरस. पोर मांडीवर, हातात सुई, समोर मक्याचे दाणे, आणि जीजी मधून फिरत कोणाचा टाका घट्ट, कोणाचा सैल म्हणून ओरडत. मला तो वॉर्ड तेव्हा फार आवडायचा. सांगायला लाज कशाची, सुट्टीच्या दिवशीही मी एक चक्कर मारून यायचे.

मग ती गोष्ट झाली. एका बाईचा नवरा गेटवर आला, उसाची गाडी उभी होती. बाई पोर काखेला मारून, अर्धी बकरी ओटीत घालून निघाली. पोराची सूज अजून उतरलेली नव्हती. मी सांगून थकले, डॉक्टर सांगून थकले. जीजी स्वयंपाकघरातून डाव हातात घेऊन आली, ओटीतून डोकावणाऱ्या त्या बकरीकडे तिने पाहिलं आणि नवऱ्याला म्हणाली, "अर्धं जनावर उंबऱ्याबाहेर नेवानं नही, भाऊ. पोरले बाधस."

असा नियम जगात कुठे नाही. मला माहीत होतं आणि जीजीला तर होतंच, कारण तो तिच्या तोंडून त्याच क्षणी निघाला होता. पण ती हे असं बोलली, डोळ्याला डोळा देऊन, की माझ्याही अंगावर काटा आला. नवऱ्याने बायकोला सांगितलं. दोघं हळू आवाजात बोलली. मग तो एकटाच गेला आणि बाई येऊन खाटेवर बसली. पोर बरं होऊन गेलं. पुरी बकरी घेऊन.

मी जीजीला स्वयंपाकघरात गाठलं. म्हटलं, हे काय नवीन काढलंस? कशाला भोळ्या माणसांना असलं सांगायचं? ती भाकरी थापत होती. थापता थापताच म्हणाली, "कडू दवाई गोड शे म्हनीसन पाजस ना तू?" मी जाऊन डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टर तर हसले. साहेब लोक पाहणीला यायचे तेव्हा डॉक्टर कौतुकाने हा किस्सा सांगायचे. आणि एखादी बाई खात्री करून घ्यायला माझ्याकडे बघायची तेव्हा मीही मान डोलवायचे. हो, अर्धं नाही न्यायचं. कारण त्या एका वाक्याने जे होत होतं ते आमच्या सगळ्या चित्रांनी आणि सिनेमांनी झालं नव्हतं.

पुढे जीजीचं डोकं अजून चाललं. काही बायांचा हात भलता चलाख. पोराचं वजन जेमतेम हलायला लागलं की बकरी तयार. मग जीजी काय करायची, बाई अंघोळीला गेली की तिच्या कामातले दोन फेरे उसवून ठेवायची. बाई आली की म्हणायची, टाका सुटलाय बघ, वाकडं होतंय, परत कर. बाई बिचारी ते फेरे परत घालायची. जीजी माझ्याकडे बघून डोळा मारायची. साठीची बाई आणि डोळा मारते. मी हसायचे.

सुमली आली ती थंडीच्या सुरुवातीला. धडगावच्याही पलीकडच्या पाड्यावरची, वीस-बावीसची असेल. मुलगा दिलवर, वर्षाचा, आणि मांडीवर घेतला तर वजनच लागू नये असा. सुमलीचा हात जड. तिच्याइतकी वाईट शिष्यीण जीजीला मिळाली नव्हती. दाणे या ढिगातून त्या ढिगात टाकायची आणि खांब घालायचाच विसरायची. तिचं पहिलं डोकं पपईसारखं लांबोडं झालं. जीजीने तिला पुन्हा पुन्हा आळं करायला लावलं. सुमली चिडायची नाही. थोडंफार मराठी यायचं तिला, शाळेत काही वर्षं गेलेली. दिलवर दूध पचवायला लागला, हात उचलून सुई धरायला बघायला लागला. जीजीला विचारलं की तेच, तसंच शे.

सुमलीची बकरी एकदाची होत आली. एक कान लागला, दुसरा विणून तयार झाला, फक्त शिवायचा बाकी. नवरा रतन तिला न्यायला येणार होता. दिलवरला अजून आठवडाभर तरी ठेवायला हवं होतं. त्या दिवशी दुपारी जीजीने तो दुसरा कान उसवला.

त्यानंतरच्या सकाळी दिलवरला ताप भरला. दुपारपर्यंत श्वास असा चालायला लागला की बरगड्या आत ओढल्या जायच्या. ऑक्सिजन लावला. डॉक्टरांनी छाती तपासली आणि सांगितलं, नंदुरबारला हलवा, आत्ता. गाडी दारात लागली. मी सिलिंडर धरून तयार. आणि सुमली उठेना. बकरी हातात, सुई हातात, समोर मक्याचे दाणे. म्हणाली, "कान होऊ दे. मग येते."

मला आधी कळलंच नाही. डॉक्टरांना तर नाहीच, ते ओरडले. सुमलीने पोराला छातीशी धरलं आणि दुसऱ्या हाताने खाटेची दांडी. अर्धं नेलं तर पोराला बाधतं, हे ती आम्हालाच सांगत होती, आम्ही विसरलो असू म्हणून. मी म्हटलं, सुमली, असं काही नसतं. तिने माझ्याकडे पाहिलं. मागच्याच आठवड्यात मी तिच्यासमोर दुसऱ्या बाईला मान डोलवून हो म्हटलं होतं.

जीजी पिठाच्या हातांनी धावत आली. "सुमली, ते खोटं शे. मी मन्हा मनथीन सांगं व्हतं. ऊठ माय, जाय." जीजीने परत सांगितलं, हात जोडून सांगितलं. पोर आजारी पाहून जीजी घाबरली आहे आणि म्हणून आता असं म्हणते आहे, एवढाच अर्थ सुमलीने घेतला असावा. ती टाके घालत होती आणि जड हाताने चुकत होती. शेवटी जीजी खाली बसली, तिच्या हातून काम घेतलं आणि स्वतः कान विणायला लागली. इतक्या वर्षांत मी तिला पहिल्यांदा मोजताना चुकताना पाहिलं. तिने उसवलं, परत घातलं, परत चुकलं. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. डॉक्टरांनी पोर उचललं आणि गाडीकडे निघाले, तेव्हा कुठे सुमली मागे धावली. जाताना तिने जीजीच्या हातातून बकरी ओढून घेतली. एक कान लागलेला, दुसरा नुसता दोरा लोंबत.

दिलवर तापीच्या पुलाअलीकडेच गेला.

मी परत आले तेव्हा जीजी खाटेखालचे मक्याचे दाणे वेचत होती. मला तिला काही सांगावं लागलं नाही. ती म्हणाली, "तो कान मी काल उसवा. सरळ व्हता तो." एवढंच. नंतर तिने डॉक्टरांना विचारलं, लगेच निघालो असतो तर वाचला असता का? डॉक्टर भला माणूस. खोटा दिलासा देणं त्यांना जमलं नाही आणि खरं त्यांनाही माहीत नव्हतं. म्हणाले, सांगता येत नाही, जीजी. छाती फार भरली होती, कदाचित वाचला नसताही. जीजीने त्यातलं "कदाचित" तेवढं उचललं. मला राग आला डॉक्टरांचा. पण मी असते तरी दुसरं काय सांगितलं असतं?

काही दिवसांनी जीजी म्हणाली, मला वर घेऊन चल. मी म्हटलं, कशाला? म्हणाली, ती पोर स्वतःला दोष देत बसली असेल. मला तिला सांगायचंय, नीट, शांतपणे, की ते मी रचलं होतं. पोर गेलं ते गेलं, निदान तिच्या मनावरचं हे तरी उतरवते. त्या बाईला दुसरं काही नको होतं. खाणं सुटलं होतं तिचं. म्हणून गेलो. जीपने शेवटच्या रस्त्यापर्यंत आणि पुढे पायी. जीजी अर्ध्या चढावर दम लागून बसली, पण परत फिरू म्हणाली नाही.

सुमली घरीच होती. तिने खाट टाकली, पाणी दिलं. रतन शेतातून आला. जीजीने सगळं सांगितलं. पहिल्यांदा कोणाला सांगितलं, का सांगितलं, कान कोणी उसवला तेसुद्धा. रतन मध्ये बसून बायकोला सांगत होता. सुमली खाली बघून ऐकत होती. मग ती बरंच बोलली, हळू. रतनने मराठीत सांगितलं, "ती म्हणते, जीजीचा काही दोष नाही. जीजीने आधीच सांगितलं होतं. आम्हीच अर्धी घेऊन निघालो."

बकरी कुठे आहे म्हणून जीजीने विचारलं. पुरी करून देते म्हणाली. आता पुरी करून काय होणार होतं, पण तिला तेवढंच येत होतं. रतन म्हणाला, पोरासोबत दिली मातीत. तशीच.

जीजीने पुन्हा सांगायला सुरुवात केली. मुलाची शपथ घेतली. आवाज चढला, पदर घसरला. रतन ऐकत राहिला आणि या वेळी त्याने बायकोला काहीच सांगितलं नाही. खाली उतरताना तो आम्हाला पोचवायला आला तेव्हा मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, का नाही सांगितलंस? तो म्हणाला, "सिस्टर, ते खोटं होतं म्हटलं तर ती विचारेल, मग पोरगा कशाने गेला? मी काय सांगू?"



त्यानंतर जे झालं ते फार वाईट झालं. गोष्ट डोंगरात पसरली. वरून येणारी बाई आता येतानाच ऐकून यायची की त्या दवाखान्यात बकरी करतात, आणि एका बाईने अर्धी नेली तर तिचं पोर वाटेतच गेलं. आता एकही बाई मध्येच उठून जात नव्हती. साहेब लोक खूश. आणि जीजी खाटेखाटेपाशी जाऊन सांगत फिरायची, ते खोटं आहे, मी रचलं होतं. बाया तिच्याकडे बघून मान डोलवायच्या, जशा त्या आमच्या चित्रांकडे बघून डोलवायच्या. एका बाईने पोराला समोरच्या इमारतीत एक्स-रेला न्यायला नकार दिला. कान बाकी होते. त्या दिवशी जीजीने सगळी लोकर, सगळ्या सुया गोळा केल्या आणि चुलीत घातल्या. वॉर्डभर जळक्या लोकरीचा वास. दुसऱ्या दिवशी बाया तारेचे आकडे वाकवून, घरून आणलेल्या सुतळीने, जुन्या स्वेटरच्या उसवलेल्या दोऱ्याने आळं करत बसल्या होत्या. एकीने दुसरीला शिकवलेलं. आता त्यांना जीजीची गरजच नव्हती.

तिने काम सोडलं. थांबवायला मी गेले नाही. काय सांगून थांबवणार?

शेवटची भेटली ती बसस्टँडवर, दोनेक वर्षांनी. सुरतेला मुलाकडे निघाली होती, कायमची. पुतण्याने बॅगा आणून ठेवल्या होत्या आणि तो तिकिटाचं बघायला गेला होता. मी ड्युटीवरून येत होते. ती वाळली होती, ओळखू येत होती पण. इकडचं तिकडचं बोललो. सुनेला मधुमेह निघाला, पुतण्याच्या घरी मुलगी झाली. मग तिने विचारलं, "आते बी म्हंतस का बाया तसं? अर्ध्या बकरीनं?"

मी त्याच सकाळी एका बाईशी भांडून आले होते. पोराला नंदुरबारला न्यायचं होतं आणि तिच्या बकरीचं तोंड शिवायचं राहिलं होतं.

मी म्हटलं, "नाही गं जीजी. आता कोणाला आठवतही नाही."

जीजी माझ्याकडे बघत राहिली. मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "खोटं बोलतांना तू खाले देखस, पोरी. मी खाले देखं नही. म्हनीसन त्या बायास्ले खरं वाटनं."

सुरतेची गाडी लागली. पुतण्याने बॅगा वर चढवल्या आणि गर्दी आत गेल्यावर सगळ्यांच्या मागून ती चढली.